टिटॅनियम दंतरोपण : पृष्ठभागावरील अब्जांश प्रक्रिया

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या टिटॅनियमच्या स्क्रूला हाडाने लवकर व घट्ट धरावे, यासाठी त्याच्या पृष्ठभागावर १ ते १०० नॅनोमीटर मापाची रचना घडवण्याच्या पद्धती. बोलीभाषेत या स्क्रूला सरसकट ‘इम्प्लांट’ म्हणतात.

स्वीडनमधील लुंड येथे १९५२ च्या सुमारास पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी बसवलेले टिटॅनियमचे उपकरण नंतर हाडातून निघेना. या योगायोगातून १९६५ मध्ये गोथेनबर्गला पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टिटॅनियमचे स्क्रू बसले. १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर उत्तर अमेरिकेनेही ही पद्धत स्वीकारली. ते स्क्रू यंत्रावर कातलेले, बरेचसे गुळगुळीत होते. दात चढवण्यापूर्वी खालच्या जबड्यात सुमारे ३ आणि वरच्या जबड्यात ६ महिने थांबावे लागे.

पुढे कणांचा मारा करून आणि आम्लात बुडवून पृष्ठभाग खडबडीत करण्यात आला. १ ते २ मायक्रोमीटरचा मध्यम खडबडीतपणा हाडाला मानवतो, हे अनेक अभ्यासांत दिसले. आजही बहुतेक इम्प्लांटांचा खरा आधार हाच आहे.

अब्जांश प्रक्रियेचा विचार त्याच्या पुढच्या पायरीचा. टिटॅनियमवर हवेतच काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर चढतो. तोच धातूला गंजू देत नाही आणि रक्ताची पहिली गाठही त्याच्याशीच पडते. आधी पाणी, मग फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिने आणि त्यानंतर हाड घडवणाऱ्या पेशी तेथे पोचतात. पेशी ज्याने पृष्ठभाग धरतात त्या इंटिग्रिन रेणूचे डोके साधारण १० नॅनोमीटरचे असते, म्हणून त्या मापाच्या उंचवट्या-खळग्यांना महत्त्व.

सर्वाधिक अभ्यास झाला तो नलिकांचा. फ्लोराइडयुक्त द्रावणात टिटॅनियमला धनाग्र करून वीज सोडली की ऑक्साइडच्या उभ्या, पोकळ नलिका एकमेकींना खेटून तयार होतात. व्होल्टेज वाढवले की त्यांचा व्यास वाढतो. नेमका व्यास किती असावा, यावर मात्र एकमत नाही. २००७ मध्ये जर्मनीतील एर्लांगेनच्या गटाने १५ नॅनोमीटरच्या नलिकांवर पेशी उत्तम रुजतात आणि १०० नॅनोमीटरवर मरू लागतात असे दाखवले. दोनच वर्षांनी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोच्या गटाने ७० ते १०० नॅनोमीटरच्या नलिकांवर मूलपेशी हाडाच्या पेशींकडे वळतात असे मांडले. दोन्ही प्रयोग सपाट चकत्यांवरचे होते. प्रत्यक्षात स्क्रू कठीण हाडात पिळून बसवावा लागतो. त्या घर्षणात नलिकांचा थर सोलून निघण्याची भीती असते. प्रयोगशाळेतील यशाचा भाव लावताना एवढे तरी ध्यानात ठेवायला हवे.

दुसरी पद्धत कॅल्शियम फॉस्फेटचे २० ते १०० नॅनोमीटरचे स्फटिक पृष्ठभागावर विखरून बसवण्याची. प्लाझ्माने फवारलेले हायड्रॉक्सिॲपेटाइटचे जुने जाड थर पापुद्र्याने सुटत, तो दोष टाळण्यासाठी ती आली. शिवाय उघड्या हवेत टिटॅनियमवर कार्बनी मळ साचून ते पाणी झटकू लागते. त्यावर अतिनील किरणांचा उपाय आहे. काही इम्प्लांट खारट द्रावणात बुडवूनच विकले जातात. अशा साठवणीत पृष्ठभागावर अब्जांश रचना आपोआप उगवतात, हे नंतर लक्षात आले. जंतूंना रोखण्यासाठी चांदीचे कणही वापरून पाहिले जातात, पण मात्रा वाढली की ते हाडाच्या पेशींनाही घातक ठरतात.

इम्प्लांटसाठी शुद्ध टिटॅनियमबरोबर ॲल्युमिनियम-व्हॅनेडियमयुक्त मिश्रधातूही चालतो, तो मूळ विमान उद्योगातला.

अब्जांश प्रक्रियांचा फायदा दिसतो तो मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत, हाड लवकर धरण्यात. दहा-पंधरा वर्षांनी इम्प्लांट टिकतो का, हे तंबाखू, मिश्री, अनियंत्रित मधुमेह आणि रोजच्या स्वच्छतेवर अधिक अवलंबून असते. हाड खाली सरकून खडबडीत भाग उघडा पडला, तर त्यावर जंतूंचा थरही सहज बसतो. रुग्णाने पृष्ठभागाच्या नावापेक्षा इम्प्लांटची कंपनी, माप व बॅच क्रमांक असलेली चिठ्ठी मागून जपून ठेवावी. पुढे दुरुस्तीची वेळ आली तर तीच लागते.