पुण्याला जाणारी एक्सप्रेस कर्जतला का थांबते?

मुंबईहून पुण्याला रेल्वेने निघालात की कर्जतला गाडी थांबतेच. चढणारे-उतरणारे मोजकेच असले तरी गाडी काही मिनिटं उभी राहते, वडापाववाले डब्याजवळ येतात आणि मग मागून हलका धक्का बसतो. तो धक्का कशाचा?

थांबण्याचं खरं कारण

रायगड जिल्ह्यातलं कर्जत सीएसएमटीपासून 100 किमीवर आहे. इथून पुढे लोणावळ्यापर्यंत साधारण 28 किमीचा बोरघाट. घाटातला चढ 1:37 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर गाडी 1 मीटर वर चढते. रेल्वेसाठी हा चढ फारच तीव्र. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. लोणावळ्याला ती काढली जातात.

इंजिनं मागेच का?

सगळा भार पुढून ओढला, तर पुढच्या डब्यांच्या कपलिंगवर प्रचंड ताण येतो. मागून ढकलल्यास तो ताण वाटला जातो. चुकून कपलिंग तुटलंच, तर मागचे डबे उतारावरून घरंगळत नाहीत.

घाट कधी झाला?

1856 मध्ये मुंबईची रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि 1858 मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना रेल्वेविना चढावा लागे. 1863 मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले.

थांबा आहे, पण तिकीट नाही?

रेल्वेत दोन प्रकारचे थांबे असतात. प्रवासी थांबा वेळापत्रकात असतो आणि त्या स्थानकाचं तिकीट काढता येतं. तांत्रिक थांबा फक्त रेल्वेच्या कामासाठी असतो. त्यामुळे गाडी डोळ्यांसमोर उभी असली, तरी तिचं कर्जतचं आरक्षण मिळेलच असं नाही. कर्जतकरांसाठी हा फरक मोठा आहे. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीपर्यंतच येते आणि पुण्याची लोकल लोणावळ्यापर्यंतच. मधल्या घाटात लोकल नाही. पुण्यात नोकरी, कॉलेज किंवा दवाखाना असेल, तर रेल्वेने जाण्यासाठी लांब पल्ल्याच्या गाड्यांवरच अवलंबून राहावं लागतं.

बँकरची गरज संपली तर?

10 फेब्रुवारी 2023 ला सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी असल्याने ताकद गाडीभर विभागलेली असते. कर्जतला तिचा प्रवासी थांबा नाही. अशा गाड्या वाढल्या, तर घाट चढायला कर्जतला थांबण्याचं कारणच उरणार नाही. घाटामुळे मिळालेला थांबा तेव्हा प्रवाशांसाठी म्हणून मागावा लागेल.

लक्षात ठेवा: कर्जतला चढायचं असेल, तर त्या गाडीचा तिथे प्रवासी थांबा आहे का, हे तिकीट काढण्याआधी वेळापत्रकात पाहा.