मीटर आणि गुंठा

परभणी जिल्ह्यात मीटर प्रथम आला तो रुळांवरून, आणि तोही कायद्याने त्यास मान्यता मिळण्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. हिंदुस्थानात दशमान परिमाणे लवकरच प्रचारात येतील अशा अपेक्षेने, लॉर्ड मेयो यांच्या कारकीर्दीत, १८७० साली अरुंद लोहमार्गाची रुंदी बरोबर एक मीटर, म्हणजे ३ फूट ३⅜ इंच, ठरविण्यात आली. पुढल्याच वर्षी तसा कायदाही झाला, परंतु तो अमलात कधी आलाच नाही आणि त्या मनोरथाची खूण म्हणून रुळांमधले ते अंतर तेवढे मागे राहिले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यातील हैदराबाद–मनमाड मार्ग याच मापाने बांधला गेला; सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके त्यावर आली, आणि जिथे कापड वाराने व लाकूड फुटाने मोजले जाई तिथे गाडी मीटरवर धावू लागली.

जमिनीचे माप निराळ्या वाटेने आले. सर सालारजंग यांच्या दिवाणगिरीत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पाहणी व जमाबंदी सुरू झाली, आणि तिच्याबरोबर ३३ फुटांची साखळी येथील काळ्या रानात फिरू लागली. या साखळीचे आणे सोळा, एकेक आणा २४¾ इंचांचा. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. रुपयाचे सोळा आणे ज्यांच्या जिभेवर होते त्यांना शेताचा बांध ‘सात साखळ्या पाच आणे’ असा सांगण्यात काडीची अडचण पडत नसे. दफ्तर उर्दूत असले तरी हा हिशेब रयतेचा होता, आणि या पद्धतीचे खरे बळ मला त्यातच दिसते.

मग पाच महिन्यांत सारे पालटले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी परभणी हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आली, डिसेंबरात संसदेने दशमान वजनमापांचा कायदा केला, आणि १ एप्रिल १९५७ रोजी नव्या पैशाबरोबर आण्याचा अंमल संपला. पुढे सातबाऱ्यावर एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद तो आर. गुंठा भरतो १०१.१७ चौरस मीटर. दोहोंत फरक इतका अल्प की गुंठा आणि आर एकच, अशी समजूत गावोगाव सहज रुजली.

ही समजूत वाटणीच्या वेळी महागात पडते. एकराचे ४० आर धरणाऱ्याचे दर एकरी सुमारे ४७ चौरस मीटर क्षेत्र कागदावरून नाहीसे होते, आणि पाच एकरांच्या शेतात ही तूट सव्वादोन गुंठ्यांवर जाते. भावाभावांत बांधावरून कलागत लागण्यास एवढी जमीन पुरेशी असते.

म्हणून ज्यांच्या घरी जुने पहाणी पत्रक किंवा मोजणीचे टिपण असेल त्यांनी ते जपून ठेवावे, आणि फाळणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी एकरांना ४० ने न गुणता ४०.४७ ने गुणून आर काढावेत.