दोन बदामी आणि सतरा जणांचे डोळे

गावचं घर बंद करून आई कायमची माझ्याकडे राहायला आली. तिच्या खोलीसाठी मी दोन रंग निवडले. दोन्ही बदामीच. भिंतीवर शेजारी-शेजारी दोन चौकोन रंगवून घेतले आणि विचारलं, "यातला कुठला?"

"अरे, दोन्ही एकच तर आहेत!"

मी सॉफ्टवेअरवाला. दोन्हींचे आकडे काढून फरक मोजला, तो तीनच्या वर निघाला. साधारण एकच्या आतला फरक सहसा दिसत नाही. म्हणजे हा दिसायला हवा. मी आकडा दाखवला. आई गप्प झाली, आणि मला वाईट वाटलं.

त्या रात्री या आकड्याचा इतिहास वाचत बसलो.

रंग आकड्यांत मांडायची आंतरराष्ट्रीय पद्धत १९३१ साली ठरली. तिचा पाया इंग्लंडमधले दोन प्रयोग. डेव्हिड राइट यांनी १० जणांकडून रंग जुळवून घेतले, जॉन गिल्ड यांनी ७ जणांकडून. लाल, हिरवा, निळा प्रकाश कमीजास्त करत समोरच्या रंगाशी जुळवायचा. या सतरा जणांच्या सरासरीतून एक 'प्रमाण निरीक्षक' तयार झाला.

पण दोन रंगांतला फरक डोळ्याला केवढा वाटतो, हे त्यातून कळत नव्हतं. कोडॅकमधल्या डेव्हिड मॅकअॅडम यांनी १९४२ साली ते मोजून मांडलं. त्यासाठी सुमारे २५,००० वेळा रंग जुळवले गेले, तेही मुख्यतः एकाच माणसाकडून. पुढे १९७६ साली फरकाचं सूत्र आलं. मी वापरलं ते हेच.

माझं गणित बरोबर होतं. आईच्या डोळ्यांनी ते कुणी तपासलं नव्हतं, एवढंच. तिला मोतीबिंदू होता. त्यात डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, निळा प्रकाश अडतो. चित्रकार मोने यांचंही हेच झालं होतं. १९२३ साली त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पेंटर घाई करत होता. मी त्याला थांबवलं.

महिन्याभराने आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काही दिवसांनी ती भिंतीसमोर उभी राहिली. एकदा उजवा डोळा झाकला, एकदा डावा. परत उजवा.

"हा पिवळा आहे रे. तो दुसरा लाव."

मग थोडं थांबून म्हणाली, "मला वाटायचं, गावच्या भिंती पिवळ्या पडल्यात. दर दिवाळीला चुना लावायला लावायचे मी तुला."