आडात पाणी, पण दोर आखूड

१९९१ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या बेळगाव शाखेत कर्जविभाग पाहत होतो. उद्यमबागेतले एक फाउंड्रीवाले नव्या भट्टीसाठी कर्ज मागायला आले. माणूस सचोटीचा, हाती ऑर्डरी होत्या. मी नकार दिला, तेव्हा अर्धे कानडीत, अर्धे मराठीत ते म्हणाले, "साहेब, ठेवी आमच्याच गावच्या, मग आम्हालाच पैसा नाही कसा?"

याचे उत्तर आमच्या शाखेत नव्हते, मुंबईत होते. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे ठेवीच्या १०० रुपयांतले १५ रुपये तिच्याकडे रोख ठेवावे लागत आणि साडेअडतीसपर्यंत रुपये मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवावे लागत. महागाई आवरायची आणि सरकारची उसनवारीही भागवायची, असा हा दुहेरी भार. कर्जाला निम्मेसुद्धा उरत नसे. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" असे म्हणून मी त्यांची समजूत घातली.

नोव्हेंबर १९९१ मध्ये नरसिंहम समितीने ही बंधने सैल करण्याची शिफारस केली. ऑक्टोबर १९९७ पर्यंत रोख्यांचे सक्तीचे प्रमाण २५ टक्क्यांवर आले. पण दरम्यान, १९९२ साली, दुसरा नियम आला होता. सर्वसाधारण कर्जाच्या १०० रुपयांमागे बँकेचे स्वतःचे ८ रुपये भांडवल हवे. सरकारी रोख्यांना मात्र त्याची गरज नाही. म्हणजे बुडीत कर्जापायी भांडवलातला १ रुपया गेला, की साडेबारा रुपये कर्ज देण्याची ताकद गेली. आमच्या बँकांत बुडीत खाती थोडी नव्हती. १९९३-९४ साली केंद्र सरकारला १९ राष्ट्रीयीकृत बँकांत ५,७०० कोटी रुपयांचे भांडवल घालावे लागले, तेही रोख्यांच्या रूपाने.

१९९६-९७ साली देशभर कर्जवाटप मंदावले. उद्योगांची मागणी कमी होती हे खरे. पण बँकाही सक्तीपेक्षा जास्त रोखे आपखुशीने घेत होत्या. रोख्यात ना बुडण्याचे भय, ना भांडवलाची अडचण.

त्याच सुमारास फाउंड्रीवाले पुन्हा आले. या वेळी ठेवी भरपूर होत्या. मी प्रस्ताव वर पाठवला. तो परत आला. भट्टीची जागा मोकळीच राहिली.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारी बँकांसाठी २ लाख ११ हजार कोटींच्या भांडवलाची योजना जाहीर झाली, तेव्हा मला ती जागा आठवली. मी सांगितलेली म्हण अर्धीच खरी होती. आडात पाणी असूनही दोर आखूड पडतो, हे त्यांना सांगायचे राहूनच गेले.