ब्लॅक मेटल : वारसा आणि नवे अल्बम

ब्लॅक मेटल हा हेवी मेटल संगीताचा उपप्रकार. ‘व्हेनम’ या ब्रिटिश बँडच्या १९८२ मधील अल्बमवरून त्याला हे नाव पडले. स्वीडनच्या ‘बाथोरी’ने त्याची घडण केली आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी नॉर्वेत त्याला स्वतंत्र रूप लाभले. वेगवान ड्रम, गिटारचे अखंड करकरीत सूर, किंचाळता स्वर आणि हेतुपुरस्सर ओबडधोबड ठेवलेले ध्वनिमुद्रण ही त्याची लक्षणे. ‘डार्कथ्रोन’चा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ (१९९४) तर चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर मुद्रित झाला. मोठ्या स्टुडिओवाचूनही अल्बम करता येतो, हा धडा भूमिगत कलावंतांनी त्यातून घेतला.

या वारशाला काळी बाजूही आहे. नॉर्वेत चर्च जाळली गेली. १९९३ मध्ये ‘मेहेम’चा गिटारवादक युरोनिमस याचा खून झाला. ‘बर्झम’च्या वर्ग विकर्नेसला त्याबद्दल १९९४ मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या वंशद्वेषी विचारांची सावलीही या संगीतावर पडली. त्यामुळे काय घ्यावे आणि काय नाकारावे, हा नव्या कलावंतांपुढील खरा प्रश्न ठरला.

अमेरिकेच्या ‘पॅनॉप्टिकॉन’ने ‘केंटकी’ (२०१२) मध्ये बँजोसह ब्लूग्रास लोकसंगीत मिसळून कोळसा खाणकामगारांचा लढा मांडला. ‘लॅम्प ऑफ मर्मर’च्या ‘सॅटर्नियन ब्लडस्टॉर्म’वर (२०२३) नॉर्वेच्या ‘इमॉर्टल’ची छाप स्पष्ट दिसते. खुद्द ‘डार्कथ्रोन’ मात्र ‘इट बेकन्स अस ऑल’ (२०२४) मध्ये ऐंशीच्या दशकातील संथ, भारदस्त हेवी मेटलकडे वळलेला आढळतो. सूर तेच, वारसा मात्र प्रत्येकाने आपापल्या परीने निवडला आहे.