भेलाघर: एका रात्रीच्या घराचा मागोवा

ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात पौष सरत आला, की कापणी झालेल्या शेतात एक घर उभं राहतं. बांबूचा सांगाडा, त्यावर भाताचा पेंढा आणि केळीची वाळलेली पानं. हे भेलाघर. संक्रांतीच्या आदल्या रात्री, म्हणजे उरुकेला, गावची तरुण पोरं इथेच रांधतात, जेवतात, गाणी म्हणत जागतात. पहाटे थंड पाण्याने आंघोळी होतात आणि अख्खं घर पेटवून दिलं जातं. जवळच लाकडं आणि हिरवे बांबू रचून केलेली उंच मेजीही पेटते. बांबूच्या पेरांतली हवा तापून पेरं फुटतात आणि ते बार लांबवर ऐकू जातात. हा आसामचा माघ बिहू, म्हणजेच भोगाली बिहू.

मेजीचं मूळ सांगताना बहुतेक जण अग्निपूजेपाशी थांबतात. त्यात खोटं काही नाही. वडीलधारी माणसं मेजीच्या आगीत पिठा हा तांदळाचा पदार्थ आणि सुपारी टाकून हात जोडतात, धाकटे त्यांच्या पाया पडतात. त्याच सुमारास पंजाबात लोहडी पेटते, तमिळनाडूत भोगीची शेकोटी. सूर्याच्या संक्रमणाशी आग जोडण्याची ही चाल भारतभर आहे. पण तिने फक्त आगीचा उलगडा होतो. जाळायचंच आहे तर आधी घर का बांधायचं, हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर मला पेंढ्यात दिसतं. आसामात भात कापताना कणसाकडचा भाग विळ्याने कापून मुठी बांधतात. खालचे लांब दांडे शेतातच उभे राहतात. त्यांना तिथे नरा म्हणतात. भेलाघराला लागतो तो हाच. नरा अशा प्रमाणात मिळतो तो शाली भातामुळे. शालीची लावणी पावसाळ्यात, कापणी नोव्हेंबर-डिसेंबरात. आसामातलं दुसरं जुनं भात आहू. ते फेकून पेरतात आणि पावसाळ्याच्या मध्यालाच कापून मोकळे होतात. आहूवर जगणाऱ्या गावाला माघात सण करायला ना भरलेली कणगी, ना नरा. जिथे शाली मुख्य पीक झालं, तिथेच हा सण आजच्या रूपात उभा राहू शकला.

शाली इतकी पसरली कशी? १२२८ साली सुकाफा हा ताई सरदार पटकाईचे डोंगर ओलांडून आपल्या माणसांसह वरच्या आसामात उतरला. अमलेंदू गुहा या इतिहासकाराने दाखवून दिलं आहे, की त्याने उभारलेल्या आहोम सत्तेचा खरा पाया रणांगणापेक्षा खाचरात होता. दलदल उपसायची, जमीन सपाट करायची, बांध घालायचे, पाणी अडवून शाली लावायची. हे काम पाइकांकडून होई. राज्यासाठी ठरलेली सेवा करणाऱ्या या माणसांना मोबदल्यात दोन पुरा, म्हणजे सुमारे २.६६ एकर, भातजमीन मिळे. पाइकांनी घातलेल्या बांधांपैकी काही आजही ‘आली’ या नावाने रस्ते म्हणून वापरात आहेत.

पण म्हणून भेलाघर आहोमांच्या नावावर टाकून मोकळं होता येत नाही. बोडो लोकांनी भूतानच्या पायथ्याशी डोंग नावाचे पाट खणून गावोगावच्या शेतांना पाणी नेलं, ते कोणत्याही दरबाराच्या हुकमाशिवाय. त्यांच्याही माघ दोमाशी या सणाला पेंढ्याचं घर उभारून जाळतात. डिमासांचा बुशू सणही सुगीनंतर जानेवारीतच येतो. सुगी संपली की अख्ख्या गावाने मिळून रात्र जागवायची, ही रीत मला या लोकांकडून आलेली वाटते. आग पंचांगाने दिली, पेंढा शालीने दिला आणि एकत्र जागरण या डोंगरपायथ्याच्या गावांनी. हे माझं मत आहे. पण ते मी शेताकडे बघून बनवलं आहे.

त्या रात्रीचा एक रिवाज मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल. पोरं गावातली सुकी लाकडं, कुंपणाचे बांबू, परसातल्या भाज्या चोरून आणतात. कोकणात होळीसाठी लाकडं पळवतात तशीच ही चोरी, आणि तिच्याविरुद्ध तक्रार करायची नसते.

उरुकेच्या जेवणात मासा हवाच. त्या दिवशी बाजारात मोठमोठे चितळ, रोहू, बोराली मांडलेले असतात, आणि ऐपत नसलेलं घरही लहानसा का होईना पण मासा नेतं. दुसऱ्या दिवसाचा मान जलपानाला. पोहे, मुरमुरे, दही, गूळ. त्यात कोमल साउल: उकडून वाळवलेला हा तांदूळ चुलीवर न चढवता नुसत्या पाण्यात भिजवला की मऊ भात होतो. चिकट बोरा तांदळाच्या पिठात तीळगूळ भरून तव्यावर गुंडाळलेला तीळपिठा, बांबूच्या नळीत भाजलेला सुंगा साउल, नारळाचे लाडू. आपल्याकडे भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी नि मिसळीची भाजी असते, तिकडे त्याच दिवशी उरुका. तीळ दोन्हीकडे आहेत, धान्य आपापल्या मातीचं.

मेजी विझल्यावर अर्धवट जळलेली लाकडं फळझाडांकडे फेकतात, राख शेतात पसरतात. झाडांच्या बुंध्यांना पेंढा किंवा बांबूच्या कामट्याही बांधतात. या कृतींत मला पूजेपेक्षा शेतकऱ्याचा व्यवहार जास्त दिसतो. राख हे खतच, आणि सणाच्या दिवशी परसातलं एकेक झाड आठवणीने पाहिलं जातं.

बिहूचे खेळ पुढे राजाश्रयाने वाढले. शिवसागरचं दुमजली रंगघर प्रमत्त सिंह राजाच्या काळात, १७४४ ते १७५१ दरम्यान विटांचं झालं; तिथून राजा रेड्यांच्या झुंजी बघे. हाजोच्या हयग्रीव माधव मंदिरात माघ बिहूला बुलबुल लढवत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर अशा झुंजी थांबल्या, २०२४ च्या जानेवारीत सरकारी नियमावलीच्या आधारे परत झाल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात गुवाहाटी उच्च न्यायालयाने ती नियमावली रद्द केली. मला हे योग्य वाटतं. सण शेताचा आहे. त्याला पाखराच्या चोचीतलं रक्त लागत नाही.

भेलाघरही बदललं आहे. आता गावागावांत गेंड्याच्या, देवळाच्या, जहाजाच्या आकाराची भेलाघरं पेंढ्यातून साकारतात आणि लोक दुरून ती बघायला येतात. कारागिरी थक्क करणारी असते. पण ज्या भेलाघरात गावाने रांधून खाल्लं नाही, ते मला अर्धंच वाटतं.

खाण्याच्या देवाणघेवाणीचा एक जुना ठेवा मरिगाव जिल्ह्यात जागिरोडजवळ आहे. माघ बिहू उलटला की जोनबील तळ्याकाठी तीन दिवसांचा मेळा भरतो. तिवा, कारबी, खासी लोक डोंगरांतून आलं, हळद, अळकुड्या, भोपळे घेऊन उतरतात. मैदानातले लोक पिठा, तांदूळ, सुकी मासळी आणतात. पैशाचा व्यवहार होत नाही, वस्तूच्या बदल्यात वस्तू जाते. सगळे मिळून तळ्यात मासेमारी करतात, आणि तिवांचा गोभा राजा आजही आपल्या लोकांकडून परंपरेने ठरलेला कर घेतो.