तेजी म्हणजे वर नव्हे

वसईतल्या उमेळ्याहून नायगाव स्टेशन जवळ. तिथून मुंबईकडे निघालेल्या लोकलमध्ये ‘काल काय भाव गेला?’ हा प्रश्न दोन बाजारांतला असू शकतो. दादरला चाललेल्या फुलांच्या पाटीवाल्याला तो सोनचाफ्याविषयी विचारतात, आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या नोकरदाराला शेअरविषयी. शब्द मात्र एकच, आणि त्याचा तिसरा अर्थ दोघांच्याही चेहऱ्यावर असतो.

‘भाव’ हा संस्कृत ‘भू’ धातूपासून आलेला शब्द. भू म्हणजे असणं, होणं. भाव म्हणजे मुळात असण्याची अवस्था. मनाची अवस्था झाली की ती भावना, आणि बाजारात मालाची अवस्था झाली की तो दर. मराठीने या दोन अर्थांत कधी भिंत घातली नाही. माणूस भाव खातो, कुणी त्याला भाव देत नाही, कांद्याचा भाव उतरतो. भक्त म्हणतो, भाव तेथे देव. दलाल स्ट्रीटवरचा जुना गुजराती दलाल म्हणतो, ‘भाव भगवान छे’. तुमच्या हिशेबाने शेअर पाचशेचा असेल, पण बाजार तीनशे देत असेल तर तीनशे हेच सत्य, असा त्याचा अर्थ. एकाचा देव भावनेत आहे, दुसऱ्याचा दरात.

मनाचा भाव दरात कसा उतरतो, हे लिलावात उघड दिसतं. हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘लेलांव’वरून आपल्याकडे आला. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई त्यांच्या ताब्यात होती, तेव्हा आमच्या भागाला या शब्दाचं अप्रूप नाही. लिलावात शंभर माणसं उभी असली तरी शेवटचा आकडा ठरवतात सर्वांत उतावीळ असलेले दोघं. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना माल महाग वाटला तरी त्यांच्या मताची नोंद कुठेच होत नाही, ते नुसते गप्प राहतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हा शहरात असेच उतावीळ फार झाले होते. समुद्रात भराव घालून जमीन करायला निघालेल्या बॅक बे कंपनीच्या पाच हजार रुपये भरलेल्या शेअरला पन्नास हजार मिळू लागले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आलं आणि १ जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली, तेव्हा घेणारा उरला नव्हता. ‘वायदा’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, अर्थ वचन. त्या दिवशी वचनं होती, पैसे नव्हते.

आता ‘तेजी’ आणि ‘मंदी’. फारसी ‘तेज’ म्हणजे धारदार, आणि त्यावरून चपळ. संस्कृतातला ‘तिज्’ धातू त्याचा सख्खा भाऊ. ‘तीक्ष्ण’ त्यातूनच आला. ‘मंद’ म्हणजे सावकाश, निरुत्साही. मंद आच, मंद बुद्धी, अग्निमांद्य. म्हणजे दोन्ही शब्द चालीचे आणि जोमाचे आहेत. वर कोण आणि खाली कोण, याचा उल्लेख त्यांच्यात नाही. दिशेसाठी मराठीत वेगळी जोडी आहे, चढ आणि उतार. एक जोडी बाजाराच्या मनाची, दुसरी दराची. बोलण्यात दोन्ही जोड्या एक होऊन गेल्या, म्हणून तेजी म्हणजे चढ असं आपण धरून चालतो.

प्रत्यक्षात त्या जोड्या कशा फारकत घेतात ते पाहा. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळला. त्या पडझडीला मंदी म्हणावं, तर इतकी तेज मंदी कुणी पाहिली नव्हती. बाजाराची धास्ती मोजणारा ‘इंडिया व्हिक्स’ हा निर्देशांक त्या सुमारास ८०च्या पुढे गेला. आणि नेमका तिथूनच चढ सुरू झाला. ज्यांना भिऊन विकायचं होतं त्यांनी विकून टाकलं होतं. दर आणखी पाडायला नवा घाबरलेला माणूस लागतो, आणि तो फारसा शिल्लक नव्हता.

ही उलटी गत जुन्या बाजाराला ठाऊक होती, आणि तिच्यासाठी त्याच्याकडे शब्दही होता. मुंबई शेअर बाजारात २००१ पर्यंत ‘बदला’ चाले. शेअर घेतला पण पैसे आता द्यायचे नाहीत, तर सौदा पुढच्या वलणावर, म्हणजे हिशेब चुकता करायच्या पुढच्या दिवसावर, ढकलायचा आणि त्याबद्दल व्याज मोजायचं. हा सीधा बदला. पण हातात शेअर नसताना विकून बसलेल्यांची गर्दी झाली की चित्र फिरे. मग विकणाराच शेअर उसना मिळवण्यासाठी पैसे मोजी. हा उंधा बदला. गुजरातीत उंधुं म्हणजे पालथं, उंधियोतलं तेच. बदल्याचा दर हा बाजाराच्या मनाचा रोकडा पुरावा होता. उंधा बदला भरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी तो शेअर विकत घ्यावाच लागणार, हे जाणत्या दलालाला कळे. म्हणून सगळे निराश दिसले की तो सावधपणे खरेदीकडे वळे.

माल्कम बेकर आणि जेफ्री वर्गलर या अमेरिकी अभ्यासकांनी २००६ मध्ये हेच आकड्यांत मांडलं. लोकांचा उत्साह ज्या काळात शिगेला असतो, त्यानंतर लहान, नव्या, नफा न कमावणाऱ्या कंपन्यांचे शेअर तुलनेने कमी परतावा देतात. निरुत्साहाच्या काळानंतर उलट घडतं. ज्यांची किंमत ठरवणं अवघड, त्यांच्यावर मनाची सत्ता जास्त. मोठ्या, जुन्या, नियमित लाभांश देणाऱ्या कंपनीबाबत भावना फार ताणता येत नाही.

एक गोष्ट मात्र इथे निसटू नये. दर चढला म्हणूनही मन उल्हसित होतं. सेंटिमेंट सुधारल्याने बाजार चढला असं संध्याकाळी सांगितलं जातं, तेव्हा पुष्कळदा बाजार चढल्याने सेंटिमेंट सुधारलेलं असतं. दोन्ही भाव एकमेकांच्या मागे धावतात आणि पुढे कोण, ते धूळ खाली बसल्यावर कळतं.

म्हणून ‘सध्या तेजी आहे’ असं कुणी सांगितलं, तर ते लोकांच्या उत्साहाविषयीचं विधान समजावं. चढ अजून किती उरला आहे, हे त्या शब्दात मुळापासूनच नाही. त्यासाठी कंपनीचा ताळेबंद उघडावा लागतो, आणि विकत घ्यायचे राहिलेले उतावीळ अजून किती, याचा अंदाज बांधावा लागतो.